प्लेन्स गावचे जिमी कार्टर

मंडळी, जिमी कार्टर १०० वर्षं जगले. १ ऑक्टोबर १९२४ चा जन्म, २९ डिसेंबर २०२४ ला देवाघरी गेले. त्यांतली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची वर्षं चार. त्या चार वर्षांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते जॉर्जियातल्या प्लेन्स गावच्या कार्टरांबद्दल: भुईमूग पिकवणारा शेतकरी, चार लेकरांचा बाप, शब्बाथशाळेचा शिक्षक.

१९८१ मध्ये पद सोडून ते थेट गावी आले. मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये बायबल उघडून वर्ग घेऊ लागले, ते नव्वदी उलटल्यावरही घेतच होते. २०१५ मध्ये कर्करोग मेंदूपर्यंत पोचल्याचं कळलं, तरी वर्ग थांबला नाही. लांबलांबची माणसं भल्या पहाटे येऊन रांग लावायची. त्या चर्चमधली अर्पणाची लाकडी तबकंसुद्धा त्यांनीच घडवलेली. सुतारकाम त्यांना फार प्रिय, आणि आपल्या प्रभूचा व्यवसाय कोणता होता हे तुम्हांला मी सांगायला नको.

रोझलिनबाईंशी लग्न झालं ७ जुलै १९४६ ला. ७७ वर्षांचा संसार. रोज रात्री दोघं मिळून पवित्र शास्त्र वाचत. पुढे स्पॅनिशचा सराव राहावा म्हणून स्पॅनिशमधून वाचू लागले. कौटुंबिक उपासनेबद्दल आपण प्रत्येक लग्नात ऐकतो, पण ती इतकी वर्षं पाळणारी घरं किती?

पत्नीला बरोबरीची मानणं त्यांनी घरापुरतं ठेवलं नाही. सदर्न बॅप्टिस्ट संघटनेनं पत्नीनं पतीच्या अधीन राहावं, स्त्रीनं पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, होऊ नये अशी भूमिका घेतली, तेव्हा २००० साली त्यांनी त्या संघटनेशी नातं तोडलं. वयाच्या ७६ व्या वर्षी, जन्मभराची संघटना सोडणं! माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही फार मोठी गोष्ट आहे. स्वतःच्या चर्चची सेवा मात्र सोडली नाही.

आपला त्यांचा ऋणानुबंध त्यांच्या आईपासूनचा. लिलियनबाई परिचारिका. १९६६ मध्ये, ६८ वर्षांच्या असताना, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे विक्रोळीत आल्या आणि तिथल्या गोरगरिबांची शुश्रूषा केली. पुढे २००६ मध्ये लेकही लोणावळ्याजवळ आला, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या घरबांधणीसाठी. वय ८२. भाषण करून मोटारीत बसणारे पाहुणे आपल्याला ठाऊक आहेत. हे नवराबायको गावकऱ्यांबरोबर विटा रचत होते.

आणि नारू. इथल्या वडीलधाऱ्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. बारवेतलं, तळ्यातलं पाणी प्यायचं, आणि वर्षभरानं पाय फोडून जंत बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळत दिवसचे दिवस काढायचा. त्यावर ना लस, ना औषध. पाणी फडक्यानं गाळून प्यायचं आणि रुग्णाला पाण्यात उतरू द्यायचं नाही, एवढाच उपाय. भारत २००० साली नारूमुक्त ठरला. आफ्रिकेत हाच उपाय गावोगाव पोचवायचं काम कार्टर सेंटर या त्यांच्या संस्थेनं १९८६ पासून हाती घेतलं. तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख माणसांना नारू होत होता. कर्करोग झाल्यावर पत्रकारांसमोर ते म्हणाले होते, शेवटचा नारू माझ्याआधी मेलेला मला पाहायचा आहे. ते गेले त्या वर्षी जगभरात १५ रुग्ण होते, सगळे चाड आणि दक्षिण सुदानमधले. तिथं गाळणी वाटण्याचं काम आजही चालू आहे.