झोपेतही न सुटणारा स्कार्फ

(एका फिल्म सोसायटीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक तक्रार. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर फक्त डोळे दिसणारी एक काळी आकृती छापलीय. मी इराणी सिनेमावर बोलायला कुठेही गेलो, की ही बाई माझ्या आधी पोचलेली असते. तेहरानमधल्या सिनेमात ती सहसा दिसत नाही हो. तिथे डोक्यावर रूसरी, म्हणजे स्कार्फ, अंगात सैलसर कोट. काहीजणी चादोर, म्हणजे डोक्यावरून पायापर्यंतचं वस्त्र, घेतात. चेहरा उघडा. नुसते डोळे बघायचे तर भर दुपारी कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभे राहा. (हशा)

तर स्कार्फ. 1979च्या क्रांतीनंतर जे नियम आले त्यात पडद्यावर बाईचे केस दिसायचे नाहीत असं ठरलं. घरात नाही, अंथरुणात नाही. कारण बघणारा प्रेक्षक परका पुरुष. नवऱ्याचं काम करणारा नटही परकाच, म्हणून तो ‘बायको’च्या हाताला हात लावू शकत नाही. आता करा बरं लग्नावर सिनेमा!

दारियुश मेहरजुईंनी केला. 1997चा ‘लैला’. लैलाला मूल होत नाही. नवरा, रझा, म्हणतो नसेना का, मला तूच हवीस. सासू मात्र फोनवर फोन करून हिच्याच तोंडून त्याच्या दुसऱ्या लग्नाला होकार वदवून घेते. इथवर आलो की पुढच्या रांगेतून हमखास आवाज येतो, “अहो, ही तर आमची साडेसातची सिरियल!” (हशा) आला बघा. पण सिरियलमधली सून आत्तापर्यंत तीन वेळा रडली असती. लैला नवऱ्यासोबत गाडीतून मुली बघायला जाते. तो आत, ही बाहेर ताटकळत. परतताना दोघं त्या मुलींवर हसतात. हसता हसता एक मुलगी पसंत पडते, आणि मग हसू येत नाही. तो गाडीतला संवाद नीट ऐका. दोघांत वीतभर अंतर, स्पर्श नाही, पण इतकं नवरा-बायकोपण आपल्या पलंगावरच्या सीनमध्येही नसतं. माझं तर मत आहे की इराणी सिनेमाची बेडरूम म्हणजे मोटार. तिथे स्कार्फ खोटा वाटत नाही, आणि दार लावलं की खासगीपणाही मिळतो.

लैला झालेल्या लैला हातमी आणि रझा झालेले अली मोसफ्फा पुढे खरोखर नवरा-बायको झाले. याच हातमी 2014मध्ये कान महोत्सवात ज्युरी होत्या. महोत्सवाच्या ऐंशी ओलांडलेल्या अध्यक्षांना गालाला गाल लावून भेटल्या, तर इराणात गहजब. माफी मागावी लागली. डोक्यावर स्कार्फ होता बरं का!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि ‘विवाह आणि कायदा’ हा जाहीर केलेला विषय अजून तसाच! पळतो आता.

असगर फरहादींचा ‘अ सेपरेशन’, 2011. पुन्हा हातमी. पहिलाच शॉट: नवरा-बायको न्यायाधीशासमोर, म्हणजे थेट आपल्याकडे बघत. न्यायाधीश दिसतच नाही, त्याच्या खुर्चीत आपण. तिला परदेशी जायचंय, त्याला आजारी वडलांना सोडायचं नाही. न्यायाधीश विचारतो, नवरा वाईट आहे का? ती म्हणते, नाही, भला माणूस आहे. मग कसला घटस्फोट? पुरुषाला तो सहज मिळतो, बाईला कारण सिद्ध करावं लागतं. त्याच सिनेमातली कामवाली म्हाताऱ्याचे ओले कपडे बदलण्याआधी फोन करून विचारते, परपुरुषाला असं स्वच्छ केलं तर पाप लागेल का? कायदा कोर्टात असतोच. इथे तो न्हाणीघराच्या दारात उभा आहे.

जाफर पनाहींचा ‘ऑफसाइड’ राहिला, मुली म्हणून फुटबॉलच्या स्टेडियमबाहेर अडवलेल्या पोरींचा. ‘माय फेव्हरिट केक’मधली सत्तरीची विधवा घरात उघड्या केसांनी वावरते, दिग्दर्शक जोडीचे पासपोर्ट जप्त झाले, 2024ला बर्लिन महोत्सवाला जाता आलं नाही. तोही राहिला.

आता लावताहेत तो अब्बास कियारोस्तामींचा ‘टेन’, 2002चा, सगळा मोटारीत. एका प्रवासात शेजारी बसलेल्या मुलीचं लग्न मोडलेलं आहे. तिचा स्कार्फ हळूहळू मागे सरकतो. केसांवर बंदी ना? खाली केसच नाहीत, डोकं भादरलेलं. तेवढ्यासाठी तरी चहाला मध्येच उठू नका.