गड चढायचा, पण फिरायचे केव्हा?

मित्रहो, पत्रिकेवर ‘डोंगर-जंगलातील सुरक्षित आणि जबाबदार भटकंती’ असा भारदस्त विषय छापला आहे आणि त्याला न्याय देण्याचा माझा प्रामाणिक विचार आहे. परंतु नाशिककरांसमोर उभे राहून हरिहर गडाचे नाव न घेता डोंगरावर बोलणे मला जमणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण चढण्याची तयारी करतो, उतरण्याची करत नाही.

या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलमध्ये हरिहरच्या पायऱ्यांचा फोटो असेल आणि उरलेले निम्मे येत्या रविवारी तो काढायला निघाले असतील. कातळात कोरलेल्या त्या पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस नीट मावतो. पायऱ्यांना पकडीसाठी खोबण्या आहेत. त्यांत बोटे घट्ट रुतवली, की त्या उभ्या चढावरही माणूस निर्धास्त असतो. 1818 मध्ये गड हाती आल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा फोडल्या. या पायऱ्या त्यातून वाचल्या, आता त्यांची गाठ आपल्या रविवारच्या गर्दीशी आहे.

एका पावसाळी दुपारी मी त्या पायऱ्यांखाली उभा होतो. कोणा आयोजकाने, नाव घेत नाही, दोन बस भरून मंडळी आणली होती. एकाच्या सॅकला लटकवलेल्या स्पीकरवर गाणी चालू होती आणि वर एक मुलगी दरीकडे तोंड करून, पायरीवर बसत-सरकत उतरत होती. तिच्या बुटांचा चिखल खोबण्यांत भरत होता. म्हणजे मागून उतरणाऱ्याच्या बोटांना कातळाऐवजी चिखल लागणार. तिच्या खाली चढणारे ताटकळले होते, त्यांच्याही खाली ‘अहो, सरका ना’ असा गजर चालला होता; सरकायला बाजूला दरीखेरीज काही नव्हते. मी त्यांच्या लीडरला विचारले, की परत फिरायची वेळ कोणती ठरवली आहे. तो म्हणाला, “काका, सगळ्यांचे फोटो झाले की.”

माझा आक्षेप फोटोंना नाही, माझ्याही घरी दोन आहेत. आक्षेप हा, की परतीची वेळ घड्याळावर ठरत नाही. निघण्यापूर्वी, पायथ्याशी, डोके थंड असताना ती ठरवावी आणि ती झाली, की माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी फिरावे. उतरताना गुडघे थकलेले असतात, पाणी संपत आलेले असते आणि साल्हेरसारख्या 1567 मीटर उंचीच्या गडावर धुके उतरले, तर सकाळी सरळ वाटलेल्या वाटेला अचानक तीन फाटे फुटतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण कारवीच्या रानात अंधार त्याआधीच शिरतो.

अध्यक्षांनी आता घड्याळ दाखवले आहे, म्हणजे माझ्याच नियमाने मला फिरणे आले. उरलेला विषय धावत सांगतो. उभ्या पायऱ्या कातळाकडे तोंड करूनच उतराव्यात आणि उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी. कड्यावर आग्या मोहोळ दिसले, तर अत्तर, धूर आणि आरडाओरड तिन्ही टाळावीत. माश्या उठल्याच, तर तोंड झाकून तेथून दूर पळावे. साप चावल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये. चावलेला हातपाय स्थिर ठेवून रुग्णाला रुग्णालयात न्यावे. पाऊस वाढल्यास ओढा ओलांडण्याचे धाडस करू नये. गवत वाळल्यावर शेकोटी पेटवू नये, कारण वणवा लागला, की तो विझवायला आपण थांबत नाही, पाड्यावरची माणसे धावतात. अंजनेरी गडावर, जिच्या नावातच अंजनेरी आहे अशी कंदीलपुष्पाची जात आढळते. फोटोसाठी वाट सोडली, की असली रोपे बुटाखाली जातात. गडावरच्या पाण्याच्या टाक्यात साबण नको, प्लॅस्टिक परत आणावे, घरी आणि पायथ्याच्या गावात वाट व परतीची वेळ सांगून निघावे. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या नेटवर्कवरून 112 हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. कचऱ्याबद्दल अधिक बोलायचे होते. ते प्रश्नोत्तरांत विचारा.