65 अंश म्हणजे खरंच 65 का?

मंडळी, दरवर्षी बिबडे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड, करणाऱ्या बऱ्याच जणी इथं बसल्या आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ज्वारी भिजत घालायची, आंबवायची, ती बरोबर आंबली की नाही हे वासावरून ओळखायचं. थर्मामीटरचं काम पडत नाही, कारण उन्हाळ्यात दोन-चार अंश इकडचे तिकडे झाले तरी बिबडे बिघडत नाहीत. जवाच्या माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, मात्र तसं नाही.

भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवला की त्यातली विकरं (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात. 62 ते 65 अंशांना बीटा-अमायलेज हे विकर जोरात असतं. यीस्टला सहज पचणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर हलकी, कोरडी होते. 68 ते 72 ला अल्फा-अमायलेजची सरशी. यीस्टला न पचणारा भाग मागे उरतो आणि पेय दाट लागतं. त्याहून वर गेलात तर आधी बीटा आणि मग अल्फाही मोडतं. म्हणजे तीन-चार अंशांची चूक झाली, की पदार्थच वेगळा. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे. मी फक्त माल्टचं गोड सत्त्व काढतो, पण पहिली पायरी तीच.

गेल्या हिवाळ्यात माझा एक अख्खा घाणा वाया गेला. तबकडीचा थर्मामीटर 70 दाखवत होता. तासाभरानं बशीत चमचाभर रस घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकला, तर तो काळानिळा पडला. पिष्ट तसंच राहिलं होतं. नंतर पडताळलं तेव्हा कळलं, काटा 70 वर असताना पाणी 77 अंशांचं होतं. आणि हाच थर्मामीटर बर्फात अगदी शून्य दाखवत होता! शून्याला खरा उतरला म्हणून 70 लाही खरा असेल, हे मी गृहीत धरलं होतं.

तरी सुरुवात बर्फापासूनच करा, पण नीट करा. ग्लासभर पाण्यात दोन खडे तरंगत सोडले तर तळाचं पाणी 4 अंशांचं असू शकतं, कारण त्या तापमानाला पाणी सर्वांत जड असतं. बर्फ बारीक कुटा, ग्लास काठोकाठ भरा, फटी भरण्यापुरतंच पाणी घाला आणि ढवळत राहा. टोक तळाला टेकू देऊ नका. कारखान्यातल्या लादीचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवलेले असतात, म्हणून लादीचा बर्फ आधी धुऊन घ्या. मीठ लागलं की शून्य खाली सरकतं. आपल्या मे महिन्यात हे काम पहाटे उरका.

उकळत्या पाण्याचं म्हणाल, तर 100 ची अपेक्षा धरू नका. साधारण 300 मीटर वर गेलं की उत्कलनबिंदू एका अंशानं उतरतो. जळगाव सुमारे 200 मीटर उंचीवर आहे, तिथं पाणी 99.3 च्या आसपास उकळतं. तोरणमाळला, साडेअकराशे मीटरवर, 96 च्या जरा वर. तिथं 96 दाखवणारा थर्मामीटर खोटा नाही.

पण ज्या तापमानावर काम करायचं, तिथंच तपासल्याशिवाय मला आता समाधान होत नाही. ओळखीच्या कॉलेजातून प्रयोगशाळेचा पाऱ्याचा थर्मामीटर मागून आणा. तो माल्टच्या भांड्यात कधीही घालू नका. फुटला तर सगळं फेकावं लागेल. थर्मासमध्ये 72 अंशांचं पाणी भरा, दोघांची टोकं एका पातळीत येतील असे रबरबँडनं बांधा आणि पाण्यात सोडा. तबकडीवाल्याची दांडी निदान पाच-सहा सेंटिमीटर बुडू द्या, कारण त्याची धातूची पट्टी दांडीच्या खालच्या भागात असते; नुसतं टोक बुडवलं तर आकडा कमी येतो. मग झाकण न लावता पाणी 60 पर्यंत उतरू द्या. अधूनमधून ढवळा आणि दर अंशाला दोन्ही आकडे लिहा. वेळ जातो, पण जाऊ द्या. दही लावणाऱ्यांनी 40 अंशांजवळ हेच ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरनं करावं. काचेचा घेऊ नका. 42 च्या वर पाणी असेल तर तो फुटतो.

हा काटेकोरपणा बिअरवाल्यांचाच. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ज्यूल, 1818 साली इंग्लंडात सॅल्फर्डला जन्मलेला, बिअर कारखानदाराचा मुलगा. पाणी घुसळून किती उष्णता निर्माण होते, हे त्यानं 1840 च्या दशकात मोजलं. वाढ अंशाच्या इतक्या लहान भागाची होती, की एवढं कुणी मोजू शकतं यावरच अनेकांचा विश्वास बसेना. थर्मामीटर मँचेस्टरच्या डान्सर या कारागिरानं घडवलेले होते. ते वाचायचा हात मात्र ज्यूलचा.

तबकडीच्या मागे बहुधा एक नट असतो. तो फिरवून काटा 65 ला जुळवून घ्या. नट नसेल तर दांडीला कागदाची चिठ्ठी चिकटवा. माझ्या थर्मामीटरवर लिहिलंय : ‘70 ला 7 मिळवा.’