उडालं, पण किती सेकंद?

(गच्ची. मागे पाण्याची टाकी, त्यापलीकडे लांबवर पांडवलेणीचा डोंगर. हातात सायकलचा पंप.)

नमस्कार मंडळी. एक मिनिट थांबते. हे सुखोई लढाऊ विमान जाऊ दे. ओझरकडून एकदा उठलं की आमच्या गच्चीवर बोलायची सोय नाही, माइकमध्ये फक्त तेच येतं.

(वर बघते.)

गेलं. आता हा पंप बघा. टोकावर बोट दाबून धरायचं, हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि मारायचा. वीस वेळा. मोजा तुम्हीपण.

(पंप मारते. टोक कॅमेऱ्याजवळ आणते.)

इथे हात लावला तर चटका बसत नाही, पण गरम आहे, चांगलंच गरम. यातलं थोडं घर्षणामुळे. बाकी सगळं हवा दाबल्यामुळे. हवा पटकन दाबली की ती तापते, आपण लावलेला जोर उष्णता होऊन तिच्यातच राहतो म्हणून. आजचा व्हिडिओ हायपरसॉनिक विमानांच्या चाचण्यांवर आहे, आणि त्यात जे बिघडतं त्यातलं बरंचसं फिरून फिरून या गरम टोकापाशीच येतं.

विषय निघाला माझ्या मामामुळे. मामा ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालाय. मिग बघितली, सुखोई बघितली, सगळी उमेद त्या हँगरमध्ये घातली. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली, अमक्या देशाचं हायपरसॉनिक विमान चाचणीत फेल, खाली सहा हसरे चेहरे. मामा ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगलाही उत्तर देत नाही. त्याने एवढंच लिहिलं : "किती सेकंद मिळाले?"

मला आधी कळलंच नाही. सेकंद कसले मिळायचे? मग रविवारी घरी गेले, आणि मिसळ संपेपर्यंत तो बोलत होता.

आधी वेग समजून घेऊ. ध्वनीच्या पाचपट म्हणजे माख 5, त्याच्या पुढे गेलं की हायपरसॉनिक. आत्ता गेलं ते सुखोई जेमतेम दुपटीच्या आसपास जातं. ब्रह्मोस क्षेपणास्त्र माख 2.8. तेच ब्रह्मोस लावलेलं सुखोई पहिल्यांदा उडालं ते आपल्या नाशिकमधूनच, जून 2016 मध्ये. म्हणजे ब्रह्मोससुद्धा हायपरसॉनिक नाही, हे लक्षात ठेवा, कारण बातम्यांत सर्रास गल्लत होते.

माख 6 म्हणजे तीस किलोमीटर उंचीवर सेकंदाला साधारण दोन किलोमीटर. नाशिक ते मुंबई अंदाजे 170 किलोमीटर धरा. दीड मिनिटाच्या आत. आपल्याला कसारा घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की तेवढ्या वेळात हँडब्रेकसुद्धा सुटत नाही.

या वेगात समोरच्या हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती नाकापुढे दाबली जाते. हाच पंप, फक्त दांडा कुणीतरी सेकंदाला दोन किलोमीटरने ढकलतंय. माख 6 ला ही अडलेली हवा दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तांबं 1,085 ला वितळतं.

तांब्याचा उल्लेख उगाच केला नाही. पुढे येतोय.

आता एंजिन. या वेगाला साधं जेट एंजिन चालत नाही, पंख्याची पाती टिकणार नाहीत. म्हणून स्क्रॅमजेट. यात फिरणारा पंखा नाही, काँप्रेसर नाही. पुढून हवा आपोआप दाबली जाते, मध्ये इंधन फवारतात, मागून झोत. कागदावर सोपं. पण आत शिरलेली हवा ध्वनीपेक्षा वेगानेच आतून जात असते. एंजिनाची जळायची जागा मीटरभर धरली, तर इंधनाला मिसळून, पेटून, जळून व्हायला सेकंदाचा हजारावा भाग मिळतो. फोडणीत मोहरी तडतडायलाही आपण जास्त वेळ देतो. बरं, हे एंजिन उभ्या जागी सुरूही होत नाही, आधीच वेग लागतो. म्हणून दरवेळी कुणीतरी ढकलून द्यावं लागतं. विमानाखाली लटकवून न्यायचं, सोडायचं, रॉकेटने पेटवून वेग द्यायचा, मग खरी परीक्षा सुरू. आणि हे सगळं समुद्रावर, कारण खाली पडणारच आहे.

(पंप ठेवते. पितळेची मूठ असलेला तांब्याचा बंब पुढे ओढते.)

आजीचा बंब. तांबट आळीतून आणलेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. आत एवढा जाळ, तरी तांब्याला काही होत नाही, कारण उष्णता पाणी ओढून घेतं. पाणी भरायला विसरून एकदा पेटवला की काय होतं ते आजीला विचारा. हा इथला डाग दिसतोय? तो माझा पराक्रम. इयत्ता सहावी.

आता नासाचं एक्स-43ए. जेमतेम पावणेचार मीटर लांब, माणूस नाही, इंधन हायड्रोजन. पहिलं उड्डाण जून 2001 मध्ये. रॉकेटनेच दगा दिला, विमान सुटायच्या आतच सगळं प्रकरण भरकटलं आणि पाडून टाकावं लागलं. मामाच्या भाषेत, सेकंद शून्य. पुढची तीन वर्षं नुसती चौकशी आणि दुरुस्ती. मग मार्च 2004, माख 6.8, एंजिन सुमारे अकरा सेकंद चाललं. नोव्हेंबर 2004, माख 9.6, पुन्हा साधारण दहा सेकंद. आणि हे एंजिन होतं मुख्यतः तांब्याच्या मिश्रधातूचं. उष्णता पिऊन घ्यायची, बस. म्हणजे पाणी न घातलेला बंब. जास्त चाललं असतं तर वितळलं असतं, म्हणून दहाच सेकंद. लोक म्हणतात, एवढा खर्च आणि दहा सेकंद? अहो, तोपर्यंत या वेगाला पंख लावलेल्या यंत्रात असं एंजिन हवेत चालतं का, हेच कुणी दाखवलं नव्हतं.

पाणी घातलेला बंब आला तो एक्स-51ए मध्ये. अमेरिकन हवाई दलाचं. त्यांनी युक्ती काय केली, तर एंजिनाच्या भिंतीतून इंधनच फिरवलं. जेपी-7, तेच जुन्या ब्लॅकबर्ड टेहळणी विमानाचं इंधन. ते भिंतीतली उष्णता पितं, स्वतः तापतं, आणि मग तेच जळायला आत जातं. बंबातलं पाणीच चुलीत घालून पेटवण्यासारखं आहे हे. मला ही कल्पना अजूनही भन्नाट वाटते.

अशी चार यानं बनवली होती. मे 2010, पहिलं. तीनशे सेकंद चालायचं होतं, 140 च्या आसपास चाललं. बातमी काय? अर्धवट यश. जून 2011, दुसरं. एंजिन आधी इथिलीन वायूवर पेटतं आणि मग मुख्य इंधनावर बदलतात. त्या बदलतानाच घोटाळा झाला. आत दाब वाढला आणि हवेची दाबलेली भिंत उलटी तोंडातून बाहेर फेकली गेली. दिवाळीत मेन रोडला पुढे एक हातगाडी अडकली की धक्का कसा मागे मागे येत पार चौकापर्यंत पोचतो, तसं. याला अनस्टार्ट म्हणतात, आणि स्क्रॅमजेटवाले सगळ्यात जास्त यालाच घाबरतात. ऑगस्ट 2012, तिसरं. सोळाव्या सेकंदाला मागचा एक पंख सैल झाला. स्क्रॅमजेट पेटलंच नाही. मामाला यावर सगळ्यात जास्त हळहळ वाटते. एंजिनाचा दोष नाही, पंख धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा दोष, आणि अख्खं एंजिन समुद्रात.

शेवटचं एक उरलं होतं. 1 मे 2013, महाराष्ट्र दिनी. बी-52 या बॉम्बफेक्या विमानाखालून पन्नास हजार फुटांवर सुटलं, माख 5.1 गाठलं, आणि स्क्रॅमजेट 210 सेकंद चाललं. साडेतीन मिनिटं. इंधन संपल्यावरही ते समुद्रात पडेपर्यंत आकडे पाठवत राहिलं, एकूण 370 सेकंदांचे. अकरावरून दोनशे दहा. मधे नऊ वर्षं.

एंजिन नसलेलीही असतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था डार्पा, तिचं एचटीव्ही-2, नुसतं हवेवर घसरत जाणारं. रॉकेटने वर न्यायचं आणि माख 20 ने सोडायचं. नाशिक-मुंबई तीस सेकंदांच्या आत. 2010 आणि 2011, दोन्ही वेळा साधारण नऊ मिनिटांनी संपर्क तुटला. दुसऱ्या वेळी सुमारे तीन मिनिटं ते माख 20 ला स्थिर उडालं, पृष्ठभाग 1,900 अंशांच्या पुढे गेलेला. मग चौकशीत निघालं की बाहेरचं कवच अंदाजापेक्षा जास्त सोललं गेलं होतं. तरी यानाने स्वतःच ठरवून स्वतःला समुद्रात उतरवलं. पेपरात फेल. पण ती तीन मिनिटं जमिनीवरच्या, हवेचा झोत सोडून चाचणी घेतात त्या कुठल्याही बोगद्यात मिळाली नसती.

आणि हो, गोड गोड बोलायला नको, यातला बराचसा खटाटोप शस्त्रांसाठीच आहे. जगात कुठेही तासाभरात मारा, ही त्यामागची कल्पना. वाट वाकवत जाणारं, कमी उंचीवरून येणारं काहीतरी, जे अडवणं अवघड.

आपलं काय? इस्रोने ऑगस्ट 2016 मध्ये श्रीहरिकोट्याहून छोट्या रॉकेटवर दोन स्क्रॅमजेट नेली, माख 6, पाच सेकंद. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेचं, डीआरडीओचं, स्क्रॅमजेट चाचणी यान एचएसटीडीव्ही, पहिली चाचणी जून 2019. दुसरी 7 सप्टेंबर 2020 ला, ओडिशाच्या अब्दुल कलाम बेटावरून, सकाळी अकरा वाजून तीन मिनिटांनी. तीस किलोमीटर उंची, सेकंदाला दोन किलोमीटर, आणि एंजिन वीस सेकंदांहून जास्त. आकडे टिपायला बंगालच्या उपसागरात एक जहाजही उभं केलं होतं. त्या दिवशी मामाने पेढे आणले होते. लॉकडाऊन नुकतं उठत होतं, पेढे दारातच ठेवून गेला.

एक गोष्ट अलीकडे बदलली आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आत्तापर्यंत सांगितलं त्यातलं जवळजवळ सगळं समुद्राच्या तळाशी आहे. हातात येतात ते फक्त रेडिओवरून आलेले आकडे. कवच कुठे सोललं, हे बोट लावून बघता येत नाही. 1967 मध्ये एक्स-15 माख 6.7 ला जाऊन परत आलं तेव्हा लोकांनी शेपटाखालची जळून गेलेली भोकं डोळ्यांनी बघितली. पण त्यात वैमानिक होता. आता स्ट्रॅटोलाँच कंपनीचं टॅलन-ए, माणूस नाही, 117 मीटर पंखांच्या महाकाय विमानाखालून सोडलं जातं. डिसेंबर 2024 आणि मार्च 2025, दोन्ही वेळा माख 5 च्या पुढे जाऊन कॅलिफोर्नियात धावपट्टीवर उतरलं. तेच यान. धुऊन पुसून पुन्हा. मामा म्हणाला, "अगं, उतरलेल्या विमानाला हात लावून बघितलं की जे कळतं ना, ते कुठल्या कागदावर येत नाही." चाळीस वर्षं त्याने तेच केलंय, त्यामुळे मी वाद घातला नाही.

शेवटी एक सांगते आणि बंब आत ठेवते, आजी हाका मारतेय. एप्रिल 2025 मध्ये बातमी आली, डीआरडीओच्याच हैदराबादच्या प्रयोगशाळेने, डीआरडीएलने, स्क्रॅमजेटचा दहनकक्ष, म्हणजे ती जळायची जागा, एक हजार सेकंदांहून जास्त चालवला. थंड ठेवण्याची सोय असलेला, म्हणजे पाणी घातलेला बंब. जानेवारीत तोच आकडा 120 होता. मी उड्या मारत ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, मामा, हजार सेकंद!

दोन निळे टिक. बराच वेळ काही नाही. मग मामाचं उत्तर आलं :

"जमिनीवर की हवेत?"

(फोन खाली ठेवते. हसते.)

जमिनीवर.