चेहरा नसलेला ‘मी’

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एक भांडण चालू आहे आणि ते मिटावं असं आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटत नाही. कादंबरीवरून सिनेमा निघाला की मी आधी पुस्तक वाचते आणि यजमान आधी सिनेमा बघून मोकळे होतात. मग संध्याकाळी चहाच्या वेळी मी म्हणते, ‘पुस्तकात हे असं नव्हतं.’ ते म्हणतात, ‘मग बघतेस कशाला?’ मी म्हणते, ‘तुम्ही वाचत का नाही?’ एवढं होईपर्यंत चहा निवतो.

या पावसाळ्यात आम्ही तह केला. त्यांनी आधी वाचायचं, मी आधी बघायचं. आता माझी पंचाईत अशी, की आम्ही निवडलेली पुस्तकं मी पूर्वीच वाचलेली होती. म्हणून मी सिनेमा बघून तीच कादंबरी पुन्हा हातात घ्यायची, असं ठरलं. यजमान वीज मंडळातून निवृत्त झालेत. मीटरचं रीडिंग घ्यावं तसं वाचतात, एकेका ओळीवर थांबून, कानावर पेन्सिल ठेवून. त्यामुळं दोन महिन्यांत तीनच सिनेमे झाले. पण ते तीन नीट झाले.

पहिली होती मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. कादंबरी 2004 सालची. सुजय डहाके यांनी केलेला सिनेमा जानेवारी 2012 मध्ये लागला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अविनाश देशपांडे निगडी यांच्या पटकथेलाही मिळाला. काळ आणीबाणीचा, गाव लहान, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर. ती पुस्तकभर ‘शिरोडकर’च आहे. आपल्याकडं मुलं मुलींना आडनावानंच ओळखतात, आणि त्या आडनावात किती काय काय भरलेलं असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मी पस्तीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. तेव्हा हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते थोडं दचकूनच. ते सबंध पुस्तक मुकुंद सांगतो. ‘मी’ म्हणून सांगतो. त्याच्या डोक्यात दिवसभर काय चालू असतं, कुठला मास्तर कसा चालतो, कुठली बाई कशी रागावते, लाईन म्हणजे काय आणि ती देणं-घेणं कसं चालतं, हे सगळं तो आपल्याला सांगतो आणि वर्गात मात्र एक शब्द बोलत नाही. कादंबरीची सगळी गंमत या दोन गोष्टींमधल्या फटीत आहे. बाहेर गप्प पोरगा, आत अखंड बडबड.

आता कॅमेरा त्या डोक्यात कसा शिरणार? सिनेमातला मुकुंद, अंशुमन जोशीनं केलेला, फार गोड मुलगा आहे. बुजरा आहे, चोरून बघतो, लाजतो. केतकी माटेगावकरची शिरोडकर समोर आली की त्याची मान आपोआप खाली जाते. सगळं बरोबर. पण कादंबरीतला मुकुंद इतका गोड नाहीये हो. तो आतून चांगलाच तिखट आहे, हुशार आहे, कधीकधी दुष्टसुद्धा आहे. तो तिखटपणा पडद्यावर उतरताना पातळ झाला, असं माझं आजवरचं मत. ते मी चहाला दर वेळी ठणकावून सांगत आले.

यंदा मात्र सिनेमा बघताना मधेच मी उठून पंखा कमी केला, आणि परत येऊन बसले तेव्हा एकदम लक्षात आलं. सिनेमातला मुकुंद हा मला वर्गात दिसणारा मुकुंद आहे. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला. वहीत मान घातलेली. विचारलं तर उत्तर देणार, नाही विचारलं तर नाही. पस्तीस वर्षांत अशी किती मुलं माझ्यासमोरून गेली असतील. कॅमेरा जिथं उभा होता, तिथंच मी खडू घेऊन उभी होते. आणि कादंबरीतला मुकुंद? तो मला कधी दिसलाच नव्हता. एकदाही नाही.

एकदा एका मुलाच्या भूमितीच्या वहीतून मला चिठ्ठी सापडली होती. मी ती वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली. वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पुढं वर्षभर तो मुलगा गणितात पैकीच्या पैकी मार्क आणत राहिला आणि माझ्याकडं एकदाही वर बघितलं नाही. तेव्हा मला वाटलं, सुधारला.

असो. यजमानांनी पुस्तक संपवलं आणि म्हणाले, ‘सिनेमा बरा होता.’ मी या वेळी काही बोलले नाही.

दुसरी, ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 सालची. अमोल पालेकरांनी तिच्यावर सिनेमा केला 1995 साली, म्हणजे बरोबर चाळीस वर्षांनी. हीसुद्धा ‘मी’ची गोष्ट. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शिकवायला येतो. वाडी इतकी लहान, की शाळेला पोरंच मिळत नाहीत. पोरं मेंढरांमागं. मास्तर एकेका घरी जाऊन पोरं गोळा करतो, आणि बघता बघता वाडीचा पत्रलेखक, कारकून, भांडणं मिटवणारा, असा सगळाच होऊन बसतो. मग वाडीकडून तालीम बांधून घेतो, तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात. आणि पुढं दुष्काळ.

पण ‘शाळा’तला मी आणि हा मी, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मुकुंद स्वतःबद्दलच बोलत असतो. हा मास्तर स्वतःबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. तो नुसता बघतो. शेकूकडं एकच बैल उरतो, तेव्हा त्याची बायको जुवाच्या दुसऱ्या बाजूला स्वतः मान देते. हे मास्तर जेमतेम सांगतो. हाय नाही, हळहळ नाही. मेंढरं पाण्यावर आली, पाणी पिऊन गेली, अशा सुरात. मला ती पानं वाचताना दर वेळी घशात काहीतरी अडकतं, आणि लेखकानं अडकवायचा काही प्रयत्नच केलेला नसतो.

यामुळं मला वाटायचं, की ही कादंबरी पडद्यासाठीच लिहिलीय. बघणाराच माणूस आहे, त्याच्या जागी कॅमेरा ठेवला की झालं. माडगूळकर स्वतः चित्रंही काढत, हे त्यांच्या वाक्यावाक्यात दिसतं. पण सिनेमा बघितल्यावर अडचण कळली. पुस्तकातल्या मास्तरला चेहराच नाही. तो नुसता दोन डोळे आहे. पडद्यावर त्याला चेहरा द्यावा लागतो, कपडे द्यावे लागतात, तो दारातून आत येताना दाखवावा लागतो. चंद्रकांत कुलकर्णींनी काम संयमानं केलंय, पालेकरांनीही कुठं उगाच रडारड केलेली नाही. पण जिथं पुस्तकात मी मास्तरच्या डोळ्यांनी वाडी बघत होते, तिथं सिनेमात मी वाडी बघणाऱ्या मास्तरला बघायला लागले. मधे एक माणूस येऊन उभा राहिला.

यावर यजमानांचं म्हणणं वेगळंच. ते म्हणाले, ‘तू माणदेश पाहिलायस. मी नव्हतो पाहिला. मला पुस्तकात ऊन लागलं नाही, सिनेमात लागलं.’ त्यांचं बालपण कोकणात गेलं. डोंगराला झाड नसतं ही गोष्ट त्यांना नोकरीत बदली होईपर्यंत ठाऊक नव्हती. तेव्हा हा मुद्दा मी त्यांना सोडून दिला. माझं माहेर त्याच बाजूचं. माडगूळकरांनी ‘माळ’ एवढा शब्द लिहिला की माझ्या तळपायाला कुसळं टोचतात. पण ज्याला टोचत नाहीत त्यानं काय करायचं? त्याला सिनेमा हवा.

एक गोष्ट मात्र दोघांनाही पटली. पुस्तक बारकं आहे, म्हणून सिनेमाला फारसं कापावं लागलं नाही. माझे वडील शिंपी होते. ते म्हणायचे, कापड बेताचं असलं की शिवणारा शहाणा होतो.

याच्या अगदी उलट तिसरा सिनेमा. दोन ताग्यांतून एक सदरा. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’, 1979 सालचा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 1972 ची ‘मुंबई दिनांक’ आणि 1977 ची ‘सिंहासन’, विजय तेंडुलकरांनी एकत्र करून पटकथा लिहिली. मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू, कामगारपुढारी डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी. आणि या सगळ्यांमधून हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस, निळू फुले.

इथं ‘मी’ कुणीच नाही. साधू पेशानं पत्रकार. ते आपल्याला या बंगल्यातून त्या चाळीत, चाळीतून संपात, संपातून फोनवर असं सारखं पळवत राहतात. कुणा एकाच्या डोक्यात फार वेळ थांबू देत नाहीत. म्हणून मला वाटतं तिघांत हाच सिनेमा पुस्तकांना सगळ्यांत कमी दुखवतो. कॅमेऱ्यालाही असंच पळायला आवडतं. हां, तस्करीचा धागा पडद्यावर विरळ झालाय, आणि पुस्तकं न वाचलेल्या माणसाला पहिला अर्धा तास कोण कुणाच्या गटात तेच कळत नाही. यजमानांना मात्र हे सगळं आधीपासून पाठ. निवडणुकीच्या निकालाच्या रात्री ते अजून यातल्या पात्रांची नावं घेऊन बोलतात.

मला आज सांगायचंय ते निळूभाऊंबद्दल. त्या काळात निळू फुले पडद्यावर आले की बायका पदर सावरून बसायच्या. इरसाल पाटील, बेरकी पुढारी, हेच त्यांचं काम असं लोकांच्या मनात पक्कं. आणि पटेलांनी त्यांना कारस्थान करणाऱ्यांत न घालता कारस्थान बघणाऱ्याच्या जागी बसवलं. प्रेक्षक वाट बघतोय, आता हा काहीतरी करणार, आता करणार. आणि तो काहीच करत नाही. त्याला सगळं दिसतं, सगळं कळतं, आणि शेवटी तो हसत सुटतो. ते हसू ऐकून मी पहिल्यांदा थिएटरात पायात पाय घालून बसले होते.

‘मुंबई दिनांक’ मी कॉलेजात वाचली होती, सिनेमा यायच्या आधी. तेव्हा माझ्या मनातला पत्रकार उंच, किडकिडीत, चष्मा लावणारा होता. बहुतेक आमच्या मराठीच्या सरांसारखा. यंदा पुन्हा वाचायला घेतली तेव्हा मी त्याला खूप शोधलं. पहिल्या प्रकरणात शोधलं, दुसऱ्यात शोधलं. तो गेला. पानापानावर निळू फुलेच चालत होते. सरही त्यांच्यासोबत गेले.

जाता जाता एका नव्या सिनेमाचं सांगते, कारण तो कुठल्याच पुस्तकावरून केलेला नाही. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरात तो आपल्याकडं लागला. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवस गावी येऊन राहतो. तिथं त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. मी तालुक्याच्या गावात वाढलेली बाई, जायच्या आधी मनात थोडी धाकधूक होती, तीही कबूल करते. पण बघताना मला दिसलं ते सुतकातलं घर. पायांत चपला नाहीत, नातेवाईकांची ये-जा, आणि दहा दिवसांत सतरा वेळा तोच प्रश्न, ‘लग्नाचं काय?’ पार्श्वसंगीत नाही. आनंद फारसं बोलत नाही. कॅमेरा लांब एका जागी बसून राहतो, आणि तरी त्या पोराच्या आत काय चाललंय ते सगळं मला ऐकू येत होतं. म्हणजे ‘शाळा’च्या वेळी जे जमणार नाही असं मी चहाच्या टेबलावर इतकी वर्षं सांगत होते, ते जमतं. यजमान बाहेर पडताना एवढंच म्हणाले, ‘त्याची आई शहाणी आहे.’ घरी येईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई ‘मी मी’ करत किती बोलली. खरंय. पण रेडिओवरचा मी हा बनगरवाडीच्या मास्तरसारखाच, त्यालाही चेहरा नसतो. मागं एकदा मी अशीच रेडिओवर बोलले होते. आठवड्यानं दहिवडीच्या एसटीत चढले, कंडक्टरला तिकीट सांगितलं, तर पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी मान वळवून म्हणाली, ‘बाई, आवाज ओळखीचा वाटतोय. रेडिओवर बोलताय का तुम्ही?’ मी खूश होऊन हो म्हटलं. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

‘मला वाटलं, चांगल्या उंच असाल,’ ती म्हणाली, आणि टोपली मांडीवर घेऊन सरकून बसली. ‘या, बसा.’

नमस्कार.