नेहेबची भक्ती

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो तरुण आहे, लढवय्या आहे, देवभोळा आहे आणि त्याचं डोकं बैलाचं आहे. नाव नेहेब. तो राहतो पत्त्यांच्या एका खेळात. 'मॅजिक: द गॅदरिंग' असं त्या खेळाचं नाव. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञानं तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. आपल्या रमीसारखे बावन्न पत्ते त्यात नसतात. हजारो वेगवेगळे पत्ते आहेत, दर वर्षी नवे संच निघतात, आणि प्रत्येक संचाबरोबर एखादं कल्पित जग, त्याचा इतिहास, त्याचे देव असं सगळं येतं. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर हे पत्ते प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले तुम्ही कदाचित पाहिलेही असतील.

पण नेहेबकडे जायच्या आधी त्याच्या मूळपुरुषाला भेटायला हवं. तो क्रीट बेटावरचा मिनोटॉर.

त्याची कथा सुरू होते एका न फेडलेल्या नवसापासून. क्रीटच्या मिनोस राजानं समुद्रदेव पोसायडनकडे मागणं केलं की माझं राज्य खरं ठरावं म्हणून समुद्रातून एक बैल पाठव, मी तो तुलाच बळी देईन. देवानं बैल पाठवला. बैल इतका देखणा निघाला की राजाला मोह आवरला नाही. त्यानं तो आपल्या कळपात ठेवून घेतला आणि देवापुढे दुसराच बैल कापला. देव कोपला, पण शिक्षा भोगली राणी पासिफाईनं. तिचं मन त्या बैलावर जडलं आणि तिला झालेलं मूल बैलाच्या डोक्याचं निघालं. नवस चुकवला बापानं आणि शिंगं आली पोराला. मग डेडॅलस नावाच्या कारागिरानं बांधलेल्या चक्रव्यूहात त्याला कोंडलं, अथेन्सहून खंडणी म्हणून आलेले सात मुलगे आणि सात मुली त्याच्यापुढे सोडायचे असं ठरलं, आणि शेवटी अथेन्सचा राजपुत्र थीसियस आला, त्यानं त्याला मारलं आणि तो दोऱ्याच्या आधारानं बाहेर पडला. थीसियसचं कौतुक आजवर चालू आहे.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, इटलीतल्या एट्रुस्कन कारागिरांनी घडवलेलं एक उथळ पेयपात्र आहे. त्याच्या आतल्या बाजूला चित्र आहे: पासिफाई बसलेली आहे आणि तिच्या मांडीवर एक तान्हं मूल आहे. हातपाय माणसाच्या बाळाचे, डोकं वासराचं. राक्षसाची गोष्ट सांगताना कुणाला तरी त्याचं बाळपण चितारावंसं वाटलं, म्हणजे तेवीसशे वर्षांपूर्वीसुद्धा हा प्रश्न कुणाला तरी पडला होता की हे पोर वाढलं असतं तर काय झालं असतं.

ते वाढलं नाही. चक्रव्यूहात त्याला ना गुरू होता, ना सवंगडी, ना देव. ग्रीक कथेत मिनोटॉर कुणाची प्रार्थना करत नाही, आणि त्याच्यासाठीही कुणी करत नाही.

आपल्याकडे हे गणित जरा निराळं आहे. बैल नाही, रेडा आहे, पण तुळजापूरची भवानी महिषासुराला मारते, आणि त्याच मुलखात शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा राखण करत बसलेला असतो. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी या दोघांचं नातं गावोगाव हिंडून तपासलं होतं. देवीचा नवरात्रही करायचा आणि म्हसोबाला नारळही फोडायचा, यात आपल्या माणसाला काही अडचण वाटत नाही. क्रीटमधल्या त्या पोराला एखादा बांध मिळाला असता तर! असो.

मिनोटॉरला समाज मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, खेळांमधून आणि कल्पित कथांमधून. 'मॅजिक'च्या १९९३ च्या अगदी पहिल्या संचात हुरलून डोंगरातल्या मिनोटॉरचा एक पत्ता आहे. ताकद दोन, टिकाव तीन, म्हणजे खेळात फार दबदबा असलेला नव्हे. पण चित्राखाली बारीक अक्षरात दोन वाक्यं आहेत. पहिल्याचा आशय असा की या डोंगरातल्या मिनोटॉरांना लढाईची भारी हौस. दुसऱ्याचा असा की ते मेलेल्यांसाठी गाणी म्हणतात, आणि ती मित्रासाठीही असतात आणि शत्रूसाठीही. पहिलं वाक्य कुणीही लिहिलं असतं. दुसऱ्यानं मात्र मिनोटॉरच्या तोंडी स्तोत्र घातलं, आणि मेलेल्या शत्रूसाठी गायला जे एकत्र जमतात त्यांना राक्षस म्हणायला जीभ रेटत नाही.

पुढे याच खेळात थेरॉस नावाचं ग्रीक वळणाचं जग आलं. तिथले मिनोटॉर मोगिस नावाच्या संहाराच्या देवाला भजतात आणि त्यासाठी रक्त सांडतात. मला त्यात रस वाटला नाही; शिंगवाल्यांचा देव तो रक्तपिपासूच असायचा, हा जुनाच समज पुन्हा वापरला आहे.

नेहेब आला २०१७ साली, अमोनखेत नावाच्या जगात. हे जग प्राचीन इजिप्तच्या धाटणीचं. वाळवंटाच्या मधोमध नक्तामुन नावाचं हिरवंगार शहर, भोवती जादूचं कवच, आणि पाच देव रस्त्यांतून प्रत्यक्ष फिरणारे. मांजराच्या तोंडाची ओकेत्रा, आयबिस पक्ष्याच्या तोंडाचा केफनेत, नागमुखी ऱ्होनास, मगरमुखी बोंतू आणि कोल्ह्याच्या तोंडाची हेझोरेत. जिथे देवांचीच तोंडं जनावरांची, तिथे बैलाच्या डोक्याच्या मुलाला कोण नावं ठेवणार? नेहेब या शहरात इतर पोरांसारखाच एक. त्याला कुणी कोंडलेलं नाही.

या शहरातली मुलं बालपणापासून एकच काम करतात, ते म्हणजे तालीम. बरोबरीच्या मुलांचे गट पाडलेले असतात, आणि गटानं पाच देवांच्या पाच परीक्षा द्यायच्या. एकजुटीची, ज्ञानाची, बळाची, महत्त्वाकांक्षेची आणि शेवटची तळमळीची. स्वयंपाक, झाडलोट, बांधकाम ही कामं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली प्रेतं करतात. ही प्रेतं म्हणजे परीक्षेत मध्येच पडलेली मुलं, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. पाचव्या परीक्षेत आपल्याच माणसांशी लढायचं आणि जो उरेल त्याला हेझोरेत स्वतःच्या भाल्यानं मारणार. हेच बक्षीस. असं मरण येणारा देव-फेरोच्या, म्हणजे देव मानलेल्या राजाच्या, परलोकात मानानं जगतो, अशी श्रद्धा आहे, आणि मुलं त्या दिवसाची वाट पाहत मोठी होतात.

श्रोतेहो, ऐकताना अंगावर काटा येतो, पण एक गोष्ट ध्यानात घ्या: या शहरात म्हातारी माणसंच नाहीत. सुमारे साठ वर्षांपूर्वी निकोल बोलास नावाचा ड्रॅगन तिथे आला. त्यानं सगळी मोठी माणसं मारून टाकली, फक्त मुलं ठेवली, देवांची बुद्धी फिरवली आणि स्वतःला देव-फेरो म्हणवून घेतलं. परीक्षा जुन्याच होत्या, अर्थ त्यानं बदलला. तेव्हापासून 'आमच्या वेळी असं नव्हतं बाबा' असं म्हणणारी एकही आजी नक्तामुनमध्ये उरली नाही. नेहेबची श्रद्धा आंधळी होती असं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. त्यानं डोळे उघडे ठेवले असते तरी दिसायला दुसरं होतं काय?

आता त्याचे पत्ते पाहू, कारण त्याची खरी गोष्ट पत्त्यांवरच्या नियमांत आहे. पहिल्या पत्त्यावर त्याला पात्र ठरलेला वीर म्हटलंय. ताकद दोन, टिकाव दोन. एवढाच. पण त्याला पहिला वार करण्याचा हक्क आहे, आणि तुमच्या बाजूला जे कोणी इतर मिनोटॉर असतील त्यांनाही तो हक्क त्याच्यामुळे मिळतो. शिवाय तुमच्या हातात एक किंवा शून्य पत्ते उरले असतील, म्हणजे तुम्ही अगदी टेकीला आला असाल, तेव्हा तुमच्या सगळ्या मिनोटॉरांची ताकद दोननं वाढते. नेहेब एकटा किरकोळ आहे. भाऊबंदांत तो भारी पडतो.

दुसरा पत्ता त्याच वर्षी, पुढच्या संचात आला. मधल्या काळात त्याची इच्छा पुरी झाली होती. त्याला मानाचं मरण आलं होतं. पण परलोक वगैरे काही नव्हता. बोलासला फौज हवी होती, आणि पाचही परीक्षांतून निवडून निघालेल्या वीरांची प्रेतं त्यानं लाझोटेप नावाच्या निळ्या खनिजानं मढवून साठवून ठेवली होती. ती उठली आणि त्याच शहरावर तुटून पडली. या पत्त्यावर नेहेब चिरंतन झाला आहे. ताकद चार, टिकाव सहा. समोरच्याचा जितका जीव जाईल तितकी आग, म्हणजे जादूची शक्ती, हा पत्ता खेळणाऱ्याच्या हाती येते. पहिल्यापेक्षा कितीतरी जबर पत्ता, खेळणारे खूश. पण इतर मिनोटॉरांविषयीची ओळ गायब आहे. २०१९ च्या तिसऱ्या पत्त्यावर तो बोलासच्या फौजेतला नामांकित योद्धा आहे, ताकद पाच, टिकाव चार; भाऊबंदांचा उल्लेख तिथेही नाही.

म्हणजे धर्मानं त्याला जे कबूल केलं होतं ते सगळं अक्षरशः पाळलं. पात्र ठरशील, अमर होशील, देव-फेरोच्या सेवेत नाव कमावशील. आकडेही चढत गेले. फक्त या वाढीत तो एकटा होत गेला, आणि एकटा झालेला मिनोटॉर कुठे असतो ते आपल्याला क्रीटपासून ठाऊक आहे. खेळ रचणाऱ्यांनी ती ओळ मुद्दाम गाळली की नियमांच्या सोयीसाठी, हे महत्त्वाचं नाही. गाळल्यावर जे उरलं ते नेमकं आहे.

त्याच शहरात सामुत नावाची मुलगी होती. तीही लढवय्या, तीही देवांना मानणारी. लहानपणी शहराचे जुने अवशेष तिच्या पाहण्यात आले आणि तिला शंका आली. शंका आली म्हणून तिनं देव सोडले नाहीत. देव असे नव्हते, त्यांना कुणीतरी असं केलंय, असं ती म्हणू लागली. पाखंडी ठरली. पण शेवटी खरी तीच निघाली, आणि या सगळ्या कथेत खऱ्या अर्थानं मोठं कोणी झालं असेल तर ती.

बोलासची फौज रॅव्हनिका नावाच्या दुसऱ्या जगावर चालून गेली, तिथे बोलास हरला आणि फौज जागच्या जागी थांबली. नेहेबचं पुढे काही नाही. अमोनखेतमधले चार देव मारले गेले. उरली हेझोरेत, जिनं जिंकलेल्या मुलांना स्वतःच्या हातानं भाला मारला होता. फिरलेली बुद्धी ताळ्यावर आल्यावर तिला ते सगळं आठवलं असणार. वाचलेल्या माणसांना घेऊन ती वाळवंटात निघून गेली. ही माणसं पंचविशीही न पाहता मरायचं म्हणून वाढलेली. पुढे कसं जगायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आता मात्र त्यांना केस पिकेपर्यंत जगावं लागणार आहे, आणि नेहेबविषयी विचारणाऱ्या नातवंडांना काहीतरी सांगावंही लागणार आहे.

नमस्कार.