रंग मारण्याआधी

(दृश्य: ओल्या भिंतीवर फिरणारा ब्रश, खाली ओघळणारं राखाडी पाणी. मूळ आवाज काही सेकंद तसाच ठेवावा.)

पुण्यात एरंडवण्यातली जुनी तीन मजली इमारत, दुरुस्ती सुरू असलेली तिची पश्चिमेची भिंत. जेवणाच्या सुट्टीआधी थापलेल्या मालावर आता ओला ब्रश फिरतोय. ब्रश पुढे जातो तसं वरचं सिमेंट धुऊन निघतं आणि काळी-पांढरी दगडी चिप उघडी पडते. गवंडी याला नुसतं ‘ग्रिट’ म्हणतात. अंदाजपत्रकात त्याचं नाव लांबलचक असतं : वॉश्ड स्टोन ग्रिट प्लॅस्टर.

आतला थर 12 मिलिमीटरचा, एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. तो ओला असतानाच त्यावर खरवडून रेघा ओढायच्या, म्हणजे वरच्या थराला पकड मिळते. त्यावर सिमेंटची रबडी, चौरस मीटरला दोन किलो. मग 15 मिलिमीटरचा वरचा थर : एक भाग सिमेंट, अर्धा भाग जाड वाळू, दोन भाग दगडी चिप. भिंतीवर आधी लाकडी पट्ट्या मारून चौकोन पाडलेले असतात. पट्टी निघाली की तिच्या जागी खाच राहते. खाच दिसायला शोभेची, पण कामाची आहे. एका दमात जेवढं थापून धुता येईल तेवढाच चौकोन, म्हणजे सांधा भिंतीच्या मध्ये येत नाही. आणि सिमेंट आकसून तडा जायचाच असेल तर तो खाचेत जातो.

(दृश्य: अंगठा भिंतीवर दाबला जातो. जवळून.)

सगळी मेख धुण्याच्या वेळेत आहे. लवकर धुतलं तर सिमेंटबरोबर चिपही सुटून खाली येते आणि भिंतीला देवीचे व्रण पडावेत तसे खळगे दिसतात. उशीर झाला तर सिमेंट चिपेवर घट्ट बसतं, कितीही घासलं तरी हलत नाही. घड्याळ लावून हे जमत नाही, कारण एप्रिलच्या उन्हात जे दोन तासांत होतं त्याला जुलैत दुपार पुरत नाही. अंगठा दाबला तर ठसा उठू नये, पण नखानं खरवडलं तर सिमेंट निघावं. ती वेळ.

उशीर झालेली भिंत ॲसिडनं धुवायची पद्धत साइटवर सर्रास आहे. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि त्यातलं क्लोराइड भिंतीत मुरतं. आत विटाच असतील तर फार बिघडत नाही. पण हीच भिंत पुढे बीमवरून, कॉलमवरून जाते. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंजाला आमंत्रणच. तेव्हा उशीर झाला तर तेवढा चौकोन फोडायचा आणि पुन्हा थापायचा. दुसरा इलाज नाही.

(दृश्य: पुराची कृष्णधवल छायाचित्रं. लकडी पूल, पेठा.)

12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती त्यानंतर उभ्या राहिल्या. सहकारी संस्थांचा राज्याचा नवा कायदा आदल्याच वर्षीचा, 1960 चा. वाड्यातली माणसं सोसायटीत आली. लाकडी खण गेले, आरसीसीचा सांगाडा आला. दगडी जोत्यावर पांढऱ्या मातीची भिंत असायची, तिथे कॉलमच्या मध्ये विटा आल्या. लांब आडवे सज्जे, जिन्याला काँक्रीटची जाळी, बाल्कनीच्या कठड्याला ग्रिट. देशात त्याच काळात चंदीगडच्या सरकारी इमारती आणि अहमदाबादच्या संस्था उघड्या काँक्रीटमध्ये उभ्या राहत होत्या. पुण्यातल्या मध्यमवर्गीय सोसायटीपर्यंत ती आधुनिकता पोचली ती अशी, सज्जा आणि ग्रिटच्या रूपानं. वास्तुकलेच्या पुस्तकांत तिला जागा नाही. आमच्या मते ती असायला हवी.

या सगळ्या सामानात एक गोष्ट समान आहे. जे वापरलं ते तसंच दिसू द्यायचं, वरून काही चढवायचं नाही. चिपेचा रंग हाच भिंतीचा रंग. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळीची रेघ हीच काँक्रीटची नक्षी. त्यामुळे अशा इमारतीवर रंग चढवला की तिच्यातला अर्धा अधिक ऐवज झाकला जातो.

(दृश्य: सज्जाची खालची बाजू. पोपडा, उघडी सळई, तांबूस ओघळ.)

आता या सज्जाकडे पाहू. असा सज्जा पुण्यात गल्लोगल्ली दिसतो.

ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या वर. या अल्कात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये शिरत राहतो आणि अल्क संपवत जातो. पीएच 9 च्या आसपास आला की तो थर टिकत नाही. मग पाणी आणि हवा मिळाली की गंज. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा तो खालचं काँक्रीट ढकलून मिळवतो.

किती वर्षांत हे होतं ते कव्हरवर ठरतं. कव्हर म्हणजे सळईवरची काँक्रीटची जाडी. 1978 च्या भारतीय मानकात स्लॅबला 15 मिलिमीटर कव्हर चालायचं. 2000 मध्ये ते किमान 20 झालं आणि आरसीसीसाठी एम 15 च्या जागी एम 20, म्हणजे जास्त ताकदीचं काँक्रीट किमान धरलं गेलं. त्याआधीचं बरंचसं काम एकास दोनास चार (सिमेंट, वाळू, खडी), घमेल्यानं मोजलेलं. सिमेंट परमिटवर मिळायचं, 1982 मध्ये ते अंशतः मोकळं झालं. सज्जा ओतताना सळई वर राहावी म्हणून खाली कव्हर ब्लॉक घालायचे, तिथे खडीचा तुकडा सरकवला जायचा. माणूस सळईवरून चालला की तुकडा निसटतो आणि सळई थेट शटरिंगवर बसते. या सज्जात काही ठिकाणी कव्हर पाच मिलिमीटरसुद्धा नाही. शिवाय सळ्या टॉरच्या, म्हणजे थंड अवस्थेत पीळ दिलेल्या. साध्या सळईपेक्षा त्या गंजाला लवकर बळी पडतात.

(दृश्य: हातोडीची टकटक. आवाजातला फरक ऐकू यावा.)

पहिलं काम कानाचं. हलकी हातोडी फिरवत जायची. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं भद्द वाजतं. भद्द वाजेल तिथे खडूनं गोल. हे गोल डोळ्यांना दिसणाऱ्या पोपड्यांपेक्षा नेहमीच जास्त निघतात, आणि ठेकेदाराशी पहिला वाद तिथेच होतो.

(दृश्य: ताज्या फोडीवर द्रव शिंपडला जातो. रंग उमटतो.)

ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीनचं एक टक्का द्रावण. अल्क शाबूत आहे तिथे गडद गुलाबी. जिथे रंगच येत नाही तिथलं संरक्षण संपलेलं. इथे गुलाबी रंग सळईच्या पलीकडे, आत सुरू होतोय. सळईभोवती रंगच नाही. म्हणजे या सज्जाला वरवरची मलमपट्टी पुरणार नाही.

आधी खालून टेकू. मग खडूच्या गोलापेक्षा थोडं बाहेर, कटरनं सरळ रेघेत, आठ-दहा मिलिमीटर खोल काप. काप न घेता नुसतं फोडलं तर कडा निमुळती होते, नवा माल तिथे कागदासारखा पातळ बसतो आणि पहिल्या उन्हाळ्यात उचलतो. कापाच्या आत छन्नीनं फोडायचं ते सळईच्या मागे 20 मिलिमीटरपर्यंत. कंटाळा इथेच येतो. पुढून सळई स्वच्छ दिसते, मागे मात्र जुना गंज तसाच राहतो.

सळई तारेच्या ब्रशनं लख्ख करायची. पाचवा भाग झिजला असेल तर शेजारी नवी सळई जोडायची. मग सळईला जस्ताचं प्रायमर. जुन्या काँक्रीटला पाणी पाजून बाँड कोट, आणि तो चिकट असेपर्यंतच पॉलिमर मॉर्टर. बाँड कोट वाळल्यावर माल लावला तर तोच थर जोडण्याऐवजी वेगळं करतो. मॉर्टर दहा-बारा मिलिमीटरच्या थरांत, खूप खोल असेल तर फळी लावून मायक्रो काँक्रीट ओतायचं. नंतर ओलं गोणपाट सात दिवस. पॉलिमरला पाणी लागत नाही असं दुकानदार सांगतो. सिमेंटला लागतं.

इतकं करूनही दोन वर्षांनी ठिगळाच्या कडेलाच नवा गंज दिसू शकतो. दुरुस्त भागातली सळई आता सुरक्षित असते, लगतची नसते, आणि दोन्ही एकाच सळईचे तुकडे. गंजाचा सगळा जोर शेजारच्या तुकड्यावर येतो. म्हणून रंग न आलेला भाग, वाजवून घट्ट वाटला तरी, ठिगळात ओढून घ्यावा लागतो.

(दृश्य: जमिनीवर मांडलेले नमुन्याचे तुकडे, एकाशेजारी एक.)

ठिगळ दिसू नये ही वेगळी विद्या. राखाडी सिमेंटमध्ये पांढरं किती, वाळू कुठली, याचे नमुने आधी करून 28 दिवस वाळू द्यायचे. ओला नमुना जुळला म्हणून खूश झालेला माणूस महिन्यानं हमखास पस्तावतो. फळीची रेघ उठवायची असेल तर नव्या फळीला तारेचा ब्रश मारून तिचे रेषे वर आणायचे आणि जुन्या फळ्यांची रुंदी मोजून तेवढीच ठेवायची. ग्रिटचंही तसंच. जुन्या चिपेचा आकार चाळणीनं काढायचा, काळी आणि पांढरी यांचं प्रमाण भिंतीवरच हातभर चौकोनात मोजायचं.

(दृश्य: आयुका, विद्यापीठ परिसर. कुंड, मग भिंतीवर वरवर चढणारा कॅमेरा.)

पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका, खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र. संस्था 1988 ची, पहिले संचालक जयंत नारळीकर, वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. भिंत पाहा. तळाशी इथलाच काळा बेसाल्ट. त्यावर त्याहून काळा कडप्पा, जो पुणेकरांना एरवी स्वयंपाकाच्या ओट्यापुरता माहीत. आणि सगळ्यात वर आरशासारखा पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात ढग चालताना दिसतात. काळ्यावर काळा, त्यावर काळा. कोरियांना विश्वाचा काळोख दाखवायचा होता, आणि त्यांनी तो दगडातूनच दाखवला.

(दृश्य: मेक्सिको विद्यापीठाच्या ग्रंथालयाची छायाचित्रं.)

मेक्सिको सिटीच्या विद्यापीठात 1950 च्या दशकात हुआन ओ’गोर्मन यांनी ग्रंथालयाच्या चारही भिंती दगडी मोझेकनं मढवल्या. देशभरातून रंगीत दगड गोळा केले, कारण रंग विटतो, दगड विटत नाही. निळा मनासारखा मिळेना, तो काचेतून घेतला. 2007 पासून हा परिसर जागतिक वारसा आहे.

(दृश्य: रंगवलेली सोसायटी. पिवळट-गुलाबी. फुगे.)

आणि ही याच गल्लीतली दुसरी इमारत. ग्रिटवर पुट्टी, पुट्टीवर रबरी रंग. रंगाला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. कार्बन डायऑक्साइड अडवणारे लेप खरोखर असतात, आणि काँक्रीट निरोगी असताना लावले तर उपयोगी पडतात. पण गंज सुरू झाल्यावर लावलेला रंग फक्त ओघळ लपवतो. गच्चीच्या कठड्यातून उतरलेलं पाणी आत अडकतं आणि असे फुगे येतात. त्याहून वाईट म्हणजे सज्जाच्या खालच्या कडेची बोटभर खाच, ड्रिप मोल्ड, पुट्टीनं बुजते. पाणी तिथे थेंब होऊन गळून पडायचं. आता ते सज्जाच्या पोटाखालून सरळ भिंतीपर्यंत येतं. ग्रिटवर चढलेली पुट्टी पुन्हा निघत नाही, निघाली तर चिप घेऊन निघते.

दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचं प्रदर्शन भवन 2017 मध्ये पाडलं, तेव्हा त्याला 45 वर्षं झाली होती. वारशासाठी तिथे 60 वर्षांची अट होती. पुण्यातल्या या इमारतींपैकी बऱ्याच पुनर्विकासात जातील.

(दृश्य: परांची. वरच्या मजल्यावरून काम खाली सरकतंय.)

एरंडवण्यात काम वरून खाली येतंय, म्हणजे धुतलेलं सिमेंट तयार भिंतीवर ओघळणार नाही. बुजलेले ड्रिप मोल्ड छन्नीनं मोकळे केलेत. धुऊन पूर्ण वाळलेल्या ग्रिटवर सायलेन-सायलोक्सेनचा रंगहीन थर बसेल, जो पाणी आत घेत नाही पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. परांचीच्या बांबूंसाठी भिंतीत पाडलेली भोकं शेवटी भरायची. ती साध्या एकास चारनं भरली तर भिंतभर राखाडी टिकल्या दिसतात. म्हणून त्याच चिपेची दोन पोती बाजूला काढून ठेवली आहेत. परांची उतरेल तशी एकेक ओळ भरायची, थांबायचं, अंगठा दाबून पाहायचं आणि धुवायचं.